नायट्रो कोल्ड ब्रू : नायट्रोजन कॉफीत नेमकं काय करतो आणि घरी कसं जमवायचं

पितळी डबरा

नायट्रो कॉफीचा पहिला घोट घेतला की बहुतेक जण विचारतात, "यात दूध आहे ना?" नसतं. साखरही नसते. थंड पाण्यात भिजवून काढलेली काळी कॉफी, म्हणजे कोल्ड ब्रू, आणि नायट्रोजन, एवढंच. तरी ती दाट लागते, किंचित गोडसर वाटते आणि ओतल्यावर मिनिटभर ग्लासात काहीतरी खाली खाली कोसळत राहतं.

"कॉफीत नायट्रोजन मिसळतात" एवढं सांगून हा विषय सहसा संपवला जातो. पण नायट्रोजन कॉफीत विरघळायला जवळजवळ तयारच नसतो, आणि नायट्रोची सगळी मजा त्याच्या या नकारातच आहे. हे एकदा नीट कळलं की घरी करताना काय सांभाळायचं ते वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी विज्ञान, मग कृती.

सोड्यात असतो कार्बन डायऑक्साइड. २५ अंश तापमानाला, नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाण्यात तो साधारण दीड ग्रॅम विरघळतो. तेवढ्याच पाण्यात, तेवढ्याच दाबाखाली नायट्रोजन विरघळतो फक्त १८ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे वजनाने ऐंशीपट कमी. शिवाय कार्बन डायऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया होऊन कार्बोनिक आम्ल तयार होतं, म्हणून सोडा जिभेला टोचतो. नायट्रोजन पाण्याशी काहीच करत नाही. आंबटपणा नाही, टोचणं नाही, स्वतःची चव नाही.

मग एवढा कमी विरघळणारा वायू पेयात ठेवायचा कसा? इथे विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडलेला नियम कामाला येतो: द्रवावर वायूचा दाब जेवढा, त्या प्रमाणात तो वायू द्रवात विरघळतो. आणि द्रव जेवढा गार, तेवढा वायू जास्त. म्हणून नायट्रोला दाब आणि गारवा दोन्ही लागतात. कॅफेतल्या केगमध्ये, म्हणजे पेय दाबाखाली ठेवायच्या धातूच्या पिंपात, दाब ४० ते ४५ पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या वर तीन बारच्या आसपास असतो (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या नेहमीच्या दाबाइतका). चार अंशांची कॉफी अशा दाबाखाली असेल, तर हिशेब केल्यावर २५० मिलीच्या ग्लासात बाहेर पडण्याजोगा नायट्रोजन निघतो १५ ते २० मिली. एवढ्याशा वायूवर ते सगळं रूप उभं असतं! मला या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते.

आता नळ. नायट्रोचा नळ साधा नसतो. त्याच्या तोंडाशी बारीक भोकांची एक चकती असते, बहुतेक नळांत पाच भोकं असलेली. दाबाखालची कॉफी त्या भोकांतून जोरात ढकलली गेली की दाब एकदम पडतो, प्रवाह घुसळला जातो आणि नायट्रोजन अगणित सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. सोड्याचे बुडबुडे मोठे होत जातात, कारण लहान बुडबुड्यातला वायू द्रवात विरघळून शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात जातो. नायट्रोजन विरघळतच नाही म्हटल्यावर ही देवाणघेवाण फार संथ होते. लहान बुडबुडे लहानच राहतात आणि फेस टिकतो. जिभेला जो दाटपणा जाणवतो तो या बारीक फेसाचा.

हे तंत्र मुळात कॉफीचं नाही, आयर्लंडच्या स्टाउट या काळ्या, दाट बियरचं आहे. स्टाउट बनवणाऱ्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या मायकेल ॲश या गणितज्ञाने नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरून ओतण्याची पद्धत बसवली, आणि १९५९ साली ती बाजारात आली. त्या मिश्रणात ढोबळमानाने तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. कॉफीत मात्र शुद्ध नायट्रोजनच वापरतात. थोडा जरी कार्बन डायऑक्साइड आला तरी कॉफी आंबूस आणि कडवट लागते.

आता घरची कृती. केग, सिलिंडर, नळ हा खटाटोप सोडून क्रीम व्हिपरवर, म्हणजे क्रीम फेटायच्या दाबाच्या बाटलीवर, मी करते ती सांगते.

कॉफी १०० ग्रॅम, लापशीच्या रव्याइतकी भरड दळलेली. पाणी ८०० मिली. स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या भांड्यात एकत्र करून एकदा ढवळायचं, सगळी पूड भिजली पाहिजे. मग फ्रिजमध्ये १६ ते २० तास. पूड आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती ६०० मिलीच्या आसपास कॉफी येते. आधी बारीक गाळण्यातून गाळायची, मग कागदी फिल्टरमधून. कागदी फिल्टर टाळू नका. कॉफीतलं तेल फेस मोडतं आणि गाळाचे कण व्हिपरच्या तोंडात अडकतात. कागद दोन्ही थांबवतो. वेळ लागतो, लागू द्या.

गाळलेली कॉफी पुन्हा फ्रिजमध्ये, रात्रभर. व्हिपरची रिकामी बाटलीसुद्धा फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी एक लिटरच्या व्हिपरमध्ये अर्धा लिटर कॉफी भरायची, दोन ग्रॅमचा नायट्रोजन चार्जर (वायू दाबून भरलेलं छोटं नळकांडं) लावायचा आणि अर्धा मिनिट जोरात हलवायचं. नायट्रोजन द्रवात ढकलायला आपल्याकडे तेवढाच मार्ग आहे, त्यामुळे हलवण्यात कंजूषी नको. मग बाटली तासभर फ्रिजमध्ये, बाहेर काढून पुन्हा हलवायची, व्हिपर सरळ उलटा धरायचा आणि खटका पूर्ण दाबून उंच, अरुंद ग्लासात जोरात सोडायचं. हळूहळू सोडलं तर नुसती काळी कॉफी पडते.

बर्फ घालू नका. बर्फ फेस फोडतो आणि कॉफी पातळ करतो.

---

जास्वंद

ताई, फारच छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. दोन शंका. आपण मिक्सरमध्ये कोल्ड कॉफी करतो तिलाही भरपूर फेस येतो. हवेत नायट्रोजन ७८ टक्के असतो, म्हणजे त्या फेसातही मुख्यतः नायट्रोजनच की! मग फरक काय पडला? दुसरं म्हणजे, आमच्या घरी कुणी काळी कॉफी पीत नाही. यात दूध घातलं तर?

---

पितळी डबरा

जास्वंद, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मिक्सरच्या फेसात बहुतांश नायट्रोजनच असतो. फरक तो आत कसा गेला यात आहे. मिक्सरचं पातं बाहेरची हवा दुधात कोंडतं, त्यामुळे बुडबुडे लहानमोठे होतात आणि त्यांना सावरून धरतात दुधातली प्रथिनं. नायट्रोत वायू आधी विरघळलेला असतो आणि मग एकाच क्षणी सगळीकडून सुटतो, म्हणून बुडबुडे बारीक आणि जवळजवळ सारख्या आकाराचे होतात. पेयाच्या पोटातही ते काही वेळ तरंगत असतात. मिक्सरच्या कॉफीत फेस वर आणि दूध खाली असं लवकर वेगळं होतं.

पुण्यात वाढल्यामुळे तिथल्या कॅफे दुर्गाच्या कोल्ड कॉफीवर माझाही जीव आहे, आणि तिच्या जागी नायट्रो यावी असं मी अजिबात म्हणत नाही. ती दुधाची, साखरेची, पोट भरणारी वस्तू आहे. इथे आपण कॉफीच्या बीचीच चव ऐकतो आहोत.

दूध व्हिपरमध्ये नको, ग्लासात घाला. तळाशी ३० मिली थंडगार दूध आणि हवा असेल तर साखरेचा पाक, आणि वरून नायट्रो सोडायची. सोडण्याच्या जोरानेच सगळं मिसळतं. काळी न पिणाऱ्यांना सुरुवातीला हा प्रकार आवडेल. पण एकदा तरी नुसती चाखून बघायला सांगा.

---

तळजाई

उत्तम धागा. माझ्याकडे सोडा करायचं घरगुती मशीन आहे, त्यात कॉफी घालून चालेल? आणि टायरवाल्याकडे नायट्रोजन भरतात, तो केगमध्ये भरून घेता येईल का? तिथे फार स्वस्तात मिळतो.

---

रसायनी

तळजाई, दोन्हीला नको.

सोडा मशीनमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने कॉफी आंबट होते हे वर आलंच आहे. शिवाय बहुतेक मशीन फक्त पाण्यासाठी असतात. कॉफीला इतका फेस येतो की तो झडपेत शिरतो.

टायरवाल्याकडचा नायट्रोजन जागेवरच हवेतून वेगळा केलेला असतो. तो पूर्ण शुद्ध नसतो, त्यात काही टक्के ऑक्सिजन राहतो. ऑक्सिजनने कॉफी शिळी होईल एवढंच असतं तर चाललं असतं. पण त्या काँप्रेसरचं तेल, पाइप, टाकीच्या आतला गंज, यांपैकी काहीच खाण्याच्या वस्तूसाठी ठेवलेलं नसतं. खाद्यदर्जाचा नायट्रोजन वेगळा मिळतो, आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक ई ९४१. सिलिंडर घ्यायचाच असेल तर पुरवठादाराकडून तसं प्रमाणपत्र मागून घ्या. मी बरीच वर्षं औद्योगिक वायूंच्या भरणा केंद्रात काढली आहेत, म्हणून जरा कळकळीने सांगतोय.

चार्जरबद्दल एक मुद्दा ताईंनी लिहिलेला नाही, तो भर म्हणून. बाजारात जे चार्जर सहज मिळतात ते आठ ग्रॅमचे आणि नायट्रस ऑक्साइडचे असतात, क्रीम फेटण्यासाठीचे. नायट्रोजनचा चार्जर दिसायला तसाच, पण त्यात भरतो फक्त दोन-सव्वादोन ग्रॅम. बरेच जण याला फसवणूक समजतात. कारण साधं आहे. नायट्रस ऑक्साइड ३६ अंशांच्या खाली दाबाने द्रव होतो, म्हणून दहा मिलीच्या नळकांड्यात आठ ग्रॅम मावतो. नायट्रोजन उणे १४७ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. तो वायूच राहतो, म्हणून तेवढ्याच जागेत थोडासाच बसतो. कुणी आठ ग्रॅमचा "नायट्रोजन" चार्जर म्हणून त्याच आकाराचं काही विकत असेल, तर तो नायट्रोजन नाही.

दोन ग्रॅम नायट्रोजन म्हणजे खोलीच्या तापमानाला पावणेदोन लिटर वायू. एक लिटरच्या व्हिपरमध्ये अर्धा लिटर कॉफी असेल तर उरलेल्या अर्ध्या लिटर जागेत तो सुमारे साडेतीन बार दाब देतो. म्हणजे कॅफेतल्या केगइतकाच. ताईंचं माप किती नेमकं आहे बघा! बाटली काठोकाठ भरली तर तोच चार्जर कितीतरी जास्त दाब देईल, म्हणून भरायची खूण कधीही ओलांडू नका. आणि बनवणाऱ्याने सांगितले असतील त्याहून जास्त चार्जर लावू नका.

व्हिपरचं डोकं धातूचंच घ्या. फ्रान्समध्ये २०१७ साली क्रीमचा व्हिपर फुटून एका महिलेचा मृत्यू झाला होता. स्वस्त प्लॅस्टिकच्या डोक्याच्या व्हिपरबद्दल तिथल्या ग्राहक संस्था आधीपासून इशारे देत होत्या.

केग लावणाऱ्यांसाठी: नायट्रोजनचा सिलिंडर १५० बारच्या आसपास भरलेला असतो, कार्बन डायऑक्साइडचा खोलीच्या तापमानाला ५७-५८ बारला. दोघांचे रेग्युलेटर वेगळे आणि आटेही वेगळे. जोडणी बसत नसेल तर जुगाड करून बसवू नका, ती मुद्दाम बसू नये अशीच केलेली आहे. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. खोलीची खिडकी उघडी ठेवा. नायट्रोजन विषारी नाही, पण त्याला वास नाही, आणि बंद खोलीत तो गळत राहिला तर ऑक्सिजन हटवतो. माणसाला गुदमरल्याची जाणीवसुद्धा होत नाही, थेट शुद्ध जाते.

---

वाफाळ

मग नायट्रस ऑक्साइडचा चार्जर कॉफीला वापरला तर काय होईल? माझ्याकडे तेच पडून आहेत.

---

पितळी डबरा

होते कॉफी, पण नायट्रो नाही होत. नायट्रस ऑक्साइड पाण्यात बराच विरघळतो, कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास. त्यामुळे फेस भरपूर येतो, पण बुडबुडे मोठे आणि लवकर बसणारे. त्याला स्वतःची हलकी गोडी आहे, ती काहींना आवडते. मला ती कॉफीच्या गोडीवर चढल्यासारखी वाटते. शिवाय तो वायू नशेसाठी हुंगणं धोकादायक आहे आणि बऱ्याच देशांनी त्यावर बंधनं आणली आहेत. घरात तरुण मुलं असतील तर हे चार्जर उघड्यावर ठेवू नयेत, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

---

सातासमुद्रापार

अमेरिकेतल्या ऑस्टिनहून नमस्कार. इथली क्युव्हे आणि पोर्टलंडची स्टम्पटाउन या दोन रोस्टरांची, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्यांची, नावं नायट्रोच्या सुरुवातीच्या इतिहासात कायम येतात. काळ २०१२-१३ च्या आसपासचा. पहिलं कोण यावर इथे अजून वाद होतात, मला त्यात रस नाही. हे अशा गावांत सुरू झालं जिथे लहान बियर भट्ट्या गल्लोगल्ली होत्या, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केग, स्टाउटचा नळ, नायट्रोजनचा सिलिंडर, दुरुस्ती करणारा माणूस, सगळं शेजारीच होतं. कॉफीवाल्याला फक्त केगमध्ये बियरऐवजी कॉफी भरायची होती. २०१६ साली स्टारबक्सने ती आपल्या दुकानांत आणली आणि मग ती सगळीकडे गेली.

डब्यातल्या नायट्रोबद्दलही लिहितो. डबा बंद करण्याआधी त्यात द्रवरूप नायट्रोजनचा एक थेंब टाकतात. तो लगेच वायू होतो आणि बंद डब्यात दाब तयार करतो. काही डब्यांत प्लॅस्टिकची छोटी पोकळ गोळी असते. डबा उघडला की दाब पडतो, गोळीतला वायू बारीक भोकातून जोरात सुटतो आणि नळाच्या चकतीचं काम करतो. ही गोळीसुद्धा गिनेसचीच, १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या डब्यांतून आली. गोळी असलेला डबा सरळ उलटा करून ग्लासात ओतायचा असतो. हळूच तिरका ग्लास धरून ओतलं तर पैसे वाया.

माझ्याकडे घरी १९ लिटरचा जुना सोड्याचा केग आहे. मित्रमंडळी जमणार असतील तेव्हाच भरतो. कॉफी आधी तीन अंशांवर आणतो, ४० पीएसआय लावतो, केग आडवा ठेवून पायाने दहा-पंधरा मिनिटं लोळवतो. केग अर्धा-पाऊण भरला असेल तर वायूला कॉफीचा जास्त पृष्ठभाग मिळतो. नुसता उभा ठेवून दाब लावला तर नायट्रोजन मुरायला दोन दिवस जातात.

---

जास्वंद

ते खाली कोसळणारे बुडबुडे कसे काय? बुडबुडा वर जायला हवा ना?

---

सातासमुद्रापार

बुडबुडे वरच जातात, ग्लासाच्या मधोमध. आपल्याला दिसतो फक्त काचेलगतचा भाग. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर सरळ वर जाणारे बुडबुडे कलत्या भिंतीपासून दूर होतात. भिंतीलगत बुडबुडे कमी, म्हणजे तिथला द्रव जड. तो जड द्रव भिंतीवरून खाली घसरतो आणि त्यातले बारीक बुडबुडे ओढून नेतो. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ साली हे स्टाउटसाठी मांडून दाखवलं. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे ग्लास उलट्या आकाराचा, म्हणजे खाली रुंद असेल तर काचेलगतचे बुडबुडे वर जाताना दिसतात. कॉफीलाही तेच लागू. म्हणून नायट्रोला वर पसरत जाणारा काचेचा ग्लास घ्या, स्टीलच्या पेल्यात ही शोभा दिसणार नाही.

---

मळ्यातला माणूस

चिकमगळूर भागात माझं येणंजाणं आणि थोडं भाजण्याचं काम आहे. इथे अजून बीबद्दल कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते नायट्रोत निम्मं यश तिथेच ठरतं. गॅस खराब कॉफीला चांगलं करत नाही.

नायट्रोजनमुळे दाटपणा येतो आणि फळांसारखी आंबट टोकं जरा दबतात. म्हणून ज्या कॉफीचं सौंदर्य तिच्या चमकदार आंबटपणात आहे, ती नायट्रोत वाया जाते. तिला गरम पाण्यात, कागदी फिल्टरवर प्या. नायट्रोला मध्यम ते गडद भाजणीची, अंगाने भरलेली, चॉकलेट आणि भाजल्या दाण्याच्या चवीची बी शोभते. आपल्या दक्षिणेतली बरीचशी अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक, दुसरी रोबस्टा) मुळातच अशी आहे. ती सावलीत, मिरी-वेलचीच्या संगतीत वाढते.

माझी पहिली पसंती मॉन्सून्ड मलबार. पश्चिम किनाऱ्यावर, मंगळुरूच्या बाजूला, गोदामांत ही बी पावसाळी दमट वाऱ्यात पसरून ठेवतात. ती फुगते, हिरव्याची फिकट सोनेरी होते आणि आंबटपणा जवळजवळ निघून जातो. नायट्रोत तिचा दाटपणा असा खुलतो की दूध आठवत नाही. दुसरा मार्ग म्हणजे चांगल्या अरेबिकात वीस टक्के धुतलेली (फळाचा गर पाण्याने काढून वाळवलेली) उत्तम रोबस्टा मिसळणं. फेस जास्त धरतो. कॅफीन मात्र रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, ते ध्यानात ठेवा.

चिकोरीवाली (एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ दळून मिसळलेली) फिल्टर कॉफी नको. आपल्याकडच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि ती फिल्टरसाठी बारीकही दळलेली असते. थंड पाण्यात रात्रभर ठेवली की गाळताना चिखल होतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला चिकोरी घालून कोल्ड ब्रू करायची जुनी रीत आहे, पण तिथे चिकोरी भरड असते आणि वर दूध येतं.

आणि हो, महाराष्ट्राची स्वतःची कॉफीही आहे. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. मिळाली तर नक्की करून बघा.

पाण्याबद्दल एक. आरओचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असेल तर कोल्ड ब्रू सपक लागतो. क्षार थोडे हवेतच. तुमच्या मशीनला क्षारांचं प्रमाण वाढवायची सोय असेल तर ती वापरा, किंवा साधं गाळलेलं पिण्याचं पाणी अर्धंअर्धं मिसळा.

---

वाफाळ

मला पित्ताचा त्रास आहे. कोल्ड ब्रूमध्ये आम्ल फार कमी असतं म्हणून ती चालते असं ऐकलंय. नायट्रोत अजून कमी होतं का?

---

सूक्ष्मदर्शी

अन्नसुरक्षेच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून लिहिते.

फिलाडेल्फियाच्या जेफरसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली गरम आणि थंड पद्धतीने काढलेल्या कॉफीची तुलना प्रसिद्ध केली. पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोन्हींचा जवळजवळ सारखाच आला, ४.८५ ते ५.१३ या पट्ट्यात. एकूण आम्लं मात्र गरम कॉफीत जास्त निघाली. त्यामुळे कोल्ड ब्रू सौम्य लागते हे खरं, पण तिला आम्लरहित समजू नका. नायट्रोजन घातल्याने आम्ल कमी होत नाही, जिभेला फक्त कमी जाणवतं. शिवाय पित्त कॅफीननेही वाढतं, आणि नायट्रोत बर्फ नसल्यामुळे ग्लासभर अख्खी कॉफीच जाते. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन ही साधारण मर्यादा मानतात, गरोदरपणात २००. तुमच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. या धाग्यात दाब, सिलिंडर यांची काळजी सगळ्यांनी सांगितली, जंतूंची कुणी सांगितली नाही.

कोल्ड ब्रू कधीच तापवलेली नसते. तिचा पीएच ४.६ च्या वर असतो. आणि नायट्रोजन भरताना आपण तिच्यातला ऑक्सिजन घालवतो. तापवलेलं नाही, आम्ल पुरेसं नाही, ऑक्सिजन नाही: क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूला वाढायला हीच परिस्थिती लागते. त्याचं विष अतिशय घातक आहे आणि वासावरून, चवीवरून ओळखू येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या डेथ विश कॉफी या कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये आपले नायट्रो कोल्ड ब्रूचे डबे याच शक्यतेपोटी बाजारातून परत घेतले. कुणी आजारी पडल्याची नोंद नव्हती, धोका ओळखून घेतलेला निर्णय होता. मला तो आदर्श वाटतो.

घाबरून सोडून द्यावं असं हे नाही. गारवा आणि मुदत या दोन गोष्टी पाळल्या की घरची नायट्रो सुरक्षित राहते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कॉफी ओट्यावर भिजत ठेवू नका, फ्रिजमध्येच भिजवा. पितळी डबरा यांनी तसंच लिहिलंय, ते फार बरं केलं. फ्रिज चार अंशांवर किंवा त्याखाली आहे ना, हे छोट्या थर्मामीटरने तपासा. दाराच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. नायट्रोजन भरल्यावर दोन दिवसांत संपवा. बाटल्या किंवा डबे हवाबंद करून भेट देणं, विकणं, प्रवासात नेणं, यातलं काहीही घरच्या घरी करू नका. त्यासाठी उष्णतेची किंवा उच्च दाबाची प्रक्रिया लागते आणि तिची तपासणी लागते.

व्हिपरमध्ये दूध का नको, याचं उत्तरही इथेच आहे. डोक्यातल्या झडपेत, वॉशरच्या खाचेत दूध राहतं आणि तिथपर्यंत ब्रश पोचत नाही. दर वेळी डोकं पूर्ण सुटं करा, वॉशर काढून गरम पाण्याने धुवा, कोरडं होऊ द्या.

---

तळजाई

आमच्याकडे एका लग्नात धूर निघणारी कॉफी देणार आहेत, "लिक्विड नायट्रोजन कॉफी" म्हणून. ती हीच का?

---

रसायनी

ही नाही. ते द्रवरूप नायट्रोजन आहे, उणे १९६ अंशांचं. तो नुसता देखावा आहे, त्याने कॉफीत नायट्रोसारखा दाटपणा येत नाही. आणि ग्लासात द्रव शिल्लक असताना प्यायलं तर पोटात जाऊन तो सुमारे सातशेपट फुगतो. २०१७ साली गुरुग्रामच्या एका बारमध्ये असं पेय प्यायल्यावर एका माणसाच्या जठराला भोक पडलं होतं आणि त्यानंतर हरियाणात अशा पेयांवर बंदी आली. लग्नात लहान मुलं असणार. यजमानांशी ओळख असेल तर आजच फोन करा. धूर निघत असताना कुणाच्याही हातात ग्लास देऊ नये, एवढं तरी नक्की सांगा.

---

वाफाळ

नायट्रोजनचे चार्जर मागवून ताईंच्या कृतीने केली. चव सुंदर आली, पण फेस अर्ध्या मिनिटात गेला. कुठे बघू?

---

पितळी डबरा

आधी ग्लास. भांडी घासायच्या साबणाचा किंवा तुपकटपणाचा अंश राहिला तर फेस लगेच मरतो. ग्लास गरम पाण्याने धुऊन, फडक्याने न पुसता, उपडा वाळवा. मग तापमान. व्हिपरमधल्या कॉफीत थर्मामीटर बुडवून बघा, सहा-सात अंश असेल तर जास्त आहे. भरलेला व्हिपर बर्फ-पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवा. तिसरं म्हणजे कागदी फिल्टर. मलमलच्या फडक्यावर भागवलं असेल तर तेल राहिलं असणार. हे तिन्ही ठीक असेल तर कॉफी पातळ झाली असेल. फेस धरणारे घटक बीतूनच उतरतात, त्यामुळे १०० ग्रॅमला ८०० मिलीऐवजी ७०० मिली पाणी घेऊन बघा.

कुठल्या बीची केली होती, भाजणी कोणती, तेही लिहा. मळ्यातला माणूस यांना त्यावरून जास्त नेमकं सांगता येईल.

---

वाफाळ

मलमलच्या फडक्यावरच गाळली होती. बी कूर्गची अरेबिका, गडद भाजणी, पृष्ठभागावर तेल चकाकत होतं.

---

मळ्यातला माणूस

मग उत्तर सापडलं. तेल बाहेर येईपर्यंत भाजलेली बी घेऊ नका, त्याच्या एक पायरी आधी थांबलेली, कोरड्या पृष्ठभागाची घ्या. भाजल्यावर आठवडाभर थांबून मग भिजवा. ताज्या भाजलेल्या बीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो आधी निघून जाऊ द्या. आणि या वेळी कागदावर गाळा.